अळंबीची ओळख मातीखालून

बिदरच्या जांभ्याच्या पठारावर आणि कलबुर्गी जिल्ह्यातील चिंचोळीच्या रानात पावसाने जोर धरला, की वारुळांभोवती व गायरानांत अळंबी उगवते. ती विषारी आहे का, हे पाहण्यासाठी भाजीत चांदीचे नाणे किंवा लसूण टाकून तो काळा पडतो का पाहावे, असे अनेक ठिकाणी सांगितले जाते. परंतु अळंबीतील घातक विषांचा चांदीवर वा लसणावर असा परिणाम होत नसल्याने ही कसोटी फसवी आहे. खरी ओळख एका खुणेवर नव्हे, तर अनेक लक्षणांच्या मेळावर ठरते, आणि त्यांतील दोन निर्णायक लक्षणे वरवर पाहणाऱ्याला दिसतच नाहीत.

पहिले लक्षण जमिनीखाली असते. फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी 1942 मध्ये ज्या प्रजातीला ‘टर्मिटोमायसिस’ हे नाव दिले, त्या वारुळावरच्या अळंबीच्या बहुतेक मोठ्या जातींत टोपीच्या मध्यावर माती भेदणारा टोकदार उंचवटा असतो आणि देठ मुळासारखा निमुळता होत खाली वाळवीने जोपासलेल्या कवकापर्यंत पोहोचतो. याउलट ‘अमानिटा’ प्रजातीतील अतिविषारी जातींच्या देठाच्या तळाशी पिशवीसारखे आवरण असते. अळंबी जमिनीलगत कापली, तर मूळ आणि पिशवी हा भेदच मातीत राहतो. म्हणून ओळखीसाठी ती बुडापासून उकरून काढावी लागते.

दुसरे लक्षण बीजाणूंचा, म्हणजे अळंबीच्या सूक्ष्म प्रजननकणांचा, रंग होय. पक्व टोपी पापुद्र्यांची बाजू खाली करून कागदावर ठेवली आणि वर वाटी झाकली, तर काही तासांत बीजाणूंचा ठसा उमटतो. वारुळावरच्या अळंबीचा ठसा गुलाबीसर, अमानिटाचा पांढरा, तर गवताळ जागी उगवणाऱ्या आणि जुलाब-उलट्या घडवणाऱ्या ‘क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस’चा हिरवट असतो. या शेवटच्या अळंबीचे पापुद्रे कोवळेपणी पांढरेच दिसत असल्यामुळे नुसती नजर येथे चुकते.

तरीही ही लक्षणे जुळली म्हणजे अळंबी खाण्याजोगी ठरली असे नव्हे. जाणकाराच्या खात्रीवाचून ती ताटात येऊ नये. अमानिटातील अमाटॉक्सिन हे विष शिजवल्याने नष्ट होत नाही, त्याची लक्षणे बहुधा 6 ते 24 तासांनी दिसतात आणि मध्येच बरे वाटू लागले तरी आत यकृताची हानी चालूच राहते. म्हणून शंका येताच, उरलेली अळंबी बरोबर घेऊन, तत्काळ रुग्णालय गाठणे आवश्यक आहे.