संगणकावरची खोली खरी कशी दिसते?

नव्या सदनिकेच्या माहितीपत्रकातील दिवाणखाना अनेकांना छायाचित्र वाटतो. प्रत्यक्षात अनेकदा त्या वेळी इमारतीचा पायाही भरलेला नसतो. वास्तुविशारदाने संगणकावर उभारलेल्या त्रिमित प्रतिकृतीला प्रकाश, रंग आणि पोत देऊन तयार केलेले ते चित्र असते. व्यवसायात त्याला ‘रेंडर’ म्हणतात. ही विद्या शिकू पाहणारे पुष्कळजण आरंभी तयार सोफे आणि झुंबरे गोळा करत बसतात. तो वेळ बहुधा वायाच जातो, कारण खोली खरी वाटते ती उजेडामुळे.

खिडकीतून आलेले ऊन फरशीवर पडते, तेथून छताकडे परावर्तित होते आणि छतावरून कोपऱ्यात पसरते. म्हणूनच दूरचा कोपराही पूर्ण काळा नसतो आणि लाल फरशी असली की पांढऱ्या भिंतीच्या तळाशी किंचित लाली चढते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८४ मध्ये पृष्ठभागांमधील या देवाणघेवाणीचे गणित संगणकावर मांडले. १९८६ मध्ये जेम्स काजिया यांनी प्रकाशाचा हा सारा प्रवास एका समीकरणात बसवला. विनामूल्य मिळणाऱ्या ब्लेंडरसह आजची बरीचशी सॉफ्टवेअर त्याच पायावर उभी आहेत.

समीकरण संगणक सोडवतो, परंतु त्याला खरी माहिती पुरवावी लागते. भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यातील चिखला या मॅंगनीजच्या खाणीच्या गावात एक घर बांधायचे आहे, असे समजू. हे गाव सुमारे साडेएकवीस उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे २२ डिसेंबरला दुपारी बाराच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवर असतो. दक्षिणेच्या खिडकीचा खालचा काठ जमिनीपासून ३ फुटांवर आणि वरचा ७ फुटांवर असेल, तर भिंतीची जाडी सोडल्यास ऊन फरशीवर भिंतीपासून ३ ते ७ फुटांच्या पट्ट्यात पडेल. वरच्या काठाशी २ फुटांचा छज्जा असेल, तर तो पट्टा ५ फुटांवरच संपेल. २१ जूनला भरदुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर, किंबहुना किंचित उत्तरेला असतो. त्या वेळी याच खिडकीतून उन्हाचा कवडसाही आत येणार नाही. प्रतिकृतीत गाव, दिशा आणि तारीख न भरता सोनेरी ऊन सोडणारा चित्रकार त्या घरात कधीच न येणारे ऊन दाखवत असतो.

भिंतींचेही तसेच. चांगला पांढरा रंगदेखील आलेल्या प्रकाशापैकी सुमारे ८० टक्केच परत पाठवतो. तेथे १०० टक्के भरले की खोली कागदी दिसू लागते.

कॅमेऱ्याची खोड अधिक गंभीर आहे. फार रुंद कोन घेतला की १० बाय १२ फुटांची खोली सभागृहासारखी भासते. ग्राहक आयुष्याची पुंजी लावतो ती अशाच चित्रावर. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १२ नुसार, जाहिरातीतील खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याचे नुकसान झाल्यास प्रवर्तकाला भरपाई द्यावी लागते. रेंडर करणाऱ्यानेही हे कलम एकदा वाचावे.

सरावासाठी स्वतःची खोली उत्तम. टेपने मापे घ्यावीत, सकाळी एक छायाचित्र काढावे आणि त्याच वेळेचे, त्याच कोनाचे रेंडर करून दोन्ही शेजारी ठेवावीत. फरक बहुधा सोफ्यात सापडत नाही. तो दाराच्या चौकटीच्या धारदार कडांत आणि कपाटाखालच्या सावलीत असतो.