विळ्याचा कार्बन, नळीचा कार्बन

भातकापणी तोंडावर आली की भंडारदऱ्याच्या पंचक्रोशीतले विळे लोहाराकडे जातात. भाता चालतो (आता बहुतेक ठिकाणी हातपंखाच), कोळसे फुलतात आणि ट्रकच्या जुन्या पाट्याचा तुकडा लालबुंद होऊन ऐरणीवर येतो. पाटाच का? त्यात शेकडा अर्ध्याहून थोडा जास्त कार्बन असतो. साध्या मऊ सळईला कितीही पाणी पाजा, धार टिकायची नाही.

थंड लोखंड कार्बनला दारातही उभं करत नाही. 900 अंश सेल्सिअसच्या पुढे मात्र अणूंची मांडणी बदलते आणि टक्काभर कार्बन सहज आत मुरतो. गिअरचे दाते असेच वरवर कार्बन चारून कडक करतात. तिथे हवं तेवढं झालं की थांबता येतं.

सह्याद्री उतरून नागोठण्याला गेलं की हाच कार्बन वैरी होतो. तिथल्या पेट्रोकेमिकल संकुलात इथेन-प्रोपेन वाफेसोबत तापत्या नळ्यांतून नेऊन इथिलीन बनवतात. अशा भट्टीत नळीची भिंत 1000 अंशांपलीकडे तापते आणि आतून कोक धरतो, तव्याच्या बुडाला काजळी धरावी तसा. नळी शेकडा 25 क्रोमियम, 35 निकेलची. क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर ही तिची ढाल. पण कार्बन एकदा आत घुसला की क्रोमियमलाच धरून कार्बाइड करतो. ढालीचं सामान संपतं, नळी ठिसूळ होते. म्हणून अधूनमधून उत्पादन थांबवून वाफ आणि हवेने कोक जाळून टाकावा लागतो.

याहून चमत्कारिक प्रकार म्हणजे मेटल डस्टिंग. नैसर्गिक वायूपासून अमोनिया बनवताना कार्बन मोनॉक्साइडने भरलेला वायू थंड होत जातो, तेव्हा साधारण 450 ते 800 अंशांच्या टप्प्यात मिश्रधातूचं अक्षरशः पीठ होतं. लोखंड कार्बनने तुडुंब भरतं, मग विस्कटतं. बोटाला काळी भुकटी लागते, खाली खड्डा. त्या भुकटीतले धातूचे कण आणखी कार्बन जमवतात. चोराला घरचाच माणूस सामील. गंमत म्हणजे इथे गंधक कामी येतं. एरवी धातूंना छळणारं, पण चिमूटभर असलं तर पृष्ठभागावर बसून कार्बनची वाट अडवतं.

इथिलीनच्या भट्टीतली नळी आतून बिघडली हे बाहेरून कळतं चुंबकाने. नव्या नळीला तो चिकटत नाही. क्रोमियम कार्बाइडात अडकलं की उरलेलं लोखंड-निकेल त्याला ओढू लागतं. भट्टी थंड असताना तपासनीस नळीवरून उपकरण फिरवतो, ओढ वाढली तिथे खडूची खूण करतो.