‘जोडण्यात आल्या आहेत’ : भारतनेट आणि तक्रारीची भाषा

कर्तरी, कर्मणी आणि भावे या प्रयोगांची व्याकरणिक ओळख तुम्हांला आहेच. हे प्रयोग कार्यालयीन मराठीत कोणते काम करतात, हे आता एका सार्वजनिक विषयाच्या आधारे पाहू. गावोगावी इंटरनेट पोहोचवण्यासाठी केंद्र शासनाने हाती घेतलेली ‘भारतनेट’ योजना हा तो विषय होय. तो निवडण्याचे कारण साधे आहे. परीक्षेचा अर्ज भरण्यासाठी तालुक्याच्या गावी जावे लागते किंवा टेकडीवर चढून ‘रेंज’ शोधावी लागते, असे सांगणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. आणि त्यांची ग्रामपंचायत कागदोपत्री कित्येकदा जोडलेली असते.

नमुन्यादाखल रचलेले पुढील वाक्य पाहा : ‘तालुक्यातील सर्व ग्रामपंचायती भारतनेटद्वारे जोडण्यात आल्या आहेत.’ व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष आहे. जोडणी कशाने झाली, हे त्यात आहे. कोणी केली, हे नाही. ‘-ण्यात येणे’ ही रचना कर्त्याला वाक्याबाहेर ठेवते. तो दोषच असतो असे मात्र मानू नका. कार्यालय ही व्यक्ती नसल्याने कार्यालयीन भाषेला अशी रचना लागतेच. प्रश्न निर्माण होतो तो काम बिघडल्यावर, कारण तेव्हा वाक्यातून बाहेर राहिलेला कर्ता शोधावा लागतो.

भारतनेटचा कर्ता शोधू गेल्यास काय हाती लागते? २५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क’ या योजनेस मान्यता दिली. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूची तार न्यायची, प्रत्येकीला १०० एमबीपीएस क्षमता द्यायची, खर्च सुमारे २० हजार कोटी रुपये आणि मुदत दोन वर्षे, असा संकल्प होता. २०१२ मध्ये त्यासाठी भारत ब्रॉडबँड नेटवर्क लिमिटेड ही स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. केंद्रातील सरकार बदलल्यानंतर योजनेचे नाव ‘भारतनेट’ झाले. एक लाख ग्रामपंचायतींचा पहिला टप्पा २०१७ च्या अखेरीस पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. दुसऱ्या टप्प्यात काही राज्यांनी काम स्वतःकडे घेतले. महाराष्ट्रात ते ‘महानेट’ या नावाने झाले. २०२२ मध्ये मूळ कंपनी भारत संचार निगममध्ये विलीन करण्याचा निर्णय झाला. म्हणजे एकाच तारेचे पालक काळानुसार आणि ठिकाणानुसार बदलत गेले. गावातल्या माणसाला हा वंशवृक्ष ठाऊक नसतो. त्याला पंचायतीच्या भिंतीवरील पेटी तेवढी दिसते.

आता त्याच वाक्यातील कर्माकडे वळू. जोडली जाते ती ‘ग्रामपंचायत’. तालुक्याहून निघालेली तार पंचायतीच्या कार्यालयातील यंत्रापर्यंत येते. तेथून शाळा, आरोग्य उपकेंद्र किंवा घर हे पुढचे काम असते. बोलीत आपण ‘गावात नेट आलं’ म्हणतो, तेव्हा ‘गाव’ या शब्दात घरे, माणसे आणि वाड्या-वस्त्या येतात. अहवालातील ‘ग्रामपंचायत’ ही त्या मानाने चार भिंतींची खोली असते, आणि तिला सायंकाळी कुलूप लागते. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ एकमेकांसमोर आले की एक पक्ष दुसऱ्याला खोटारडा म्हणतो. वस्तुतः दोघेही आपापल्या अर्थाने खरे बोलत असतात.

अहवालांतील दुसरा शब्द ‘सेवा-सज्ज’. मराठीत सैन्य सज्ज असते ते लढाईपूर्वी. सज्जता ही कृतीच्या आधीची अवस्था आहे. सेवा मिळत असल्याची ग्वाही तो शब्द देत नाही. सज्ज यंत्र बंद पडण्याची कारणेही सामान्यच असतात. वीज जाते. रस्तारुंदीकरणात किंवा नळयोजनेचा चर खणताना जेसीबीने तार तुटते. एका योजनेचे खोदकाम दुसऱ्या योजनेवर चालून जाते. सुरुवातीच्या आखणीत बहुतेक ठिकाणी तार एका रेषेत पुढे नेलेली होती. अशा रेषेत मध्ये तुटलेली तार पलीकडची सारी गावे अंधारात टाकते. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमात रेषेऐवजी वर्तुळाकार मांडणी स्वीकारली, ती यासाठीच : एका बाजूने तुटले तर दुसऱ्या बाजूने वाट राहावी. तत्पूर्वी १५ ऑगस्ट २०२० रोजी पंतप्रधानांनी १,००० दिवसांत प्रत्येक गाव प्रकाशतंतूने जोडण्याची घोषणा केली होती. ते दिवस मे २०२३ मध्ये भरले. आधीच्या सरकारने काहीच केले नाही आणि आताच्या सरकारने केवळ नाव बदलले, हा वाद संसदेपासून पारापर्यंत ऐकू येतो. दोन्ही बाजू ‘जोडणे’ हेच क्रियापद वापरतात आणि ‘चालणे’ हे क्रियापद टाळतात, एवढे भाषाभ्यासकाने टिपून ठेवावे.

सर्वांत महत्त्वाचा शब्द मात्र वेगळाच आहे. शासकीय मराठीत या योजनेचा उपयोग करणारा माणूस बहुधा ‘लाभार्थी’ असतो, ‘ग्राहक’ नसतो. लाभार्थ्याला काही मिळते. ग्राहकाचे काही येणे असते. हा फरक केवळ छटेचा नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मोबदला देऊन सेवा घेणारा तो ग्राहक. विनामूल्य दिलेली सेवा त्या व्याख्येत बसत नाही. पंचायतीच्या आवारातील मोफत वाय-फाय बंद पडले, तर त्या कायद्याचे दार ठोठावणे म्हणूनच कठीण.

आणि हे पैसे आले कोठून? योजनेचा मुख्य आधार असलेला निधी दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातील ५ टक्के आकारणीतून उभा राहिला. कंपन्यांचा महसूल आपल्या बिलांतूनच येतो. मोबाइलचे रिचार्ज मारणारा शेतमजूरही अप्रत्यक्षपणे मोबदला देतोच, पण कायद्याच्या भाषेत ते दिसत नाही. या निधीचे नाव मराठीत सांगायचे तर ‘सार्वत्रिक सेवा दायित्व निधी’ असे होते. दूरसंचार कायदा, २०२३ ने त्याला ‘डिजिटल भारत निधी’ हे नाव दिले. निधीचे काम थांबले नाही. नावातून ‘दायित्व’ तेवढे गेले. मला ही गोष्ट किरकोळ वाटत नाही.

तक्रार ही भाषेतून घडणारी कृती आहे. ती घडण्यास बोलणाऱ्याला अधिकार आणि ऐकणाऱ्यावर जबाबदारी असावी लागते. नसेल तर तिचे गाऱ्हाणे होते. अशा स्थितीत गावातून जाणारा अर्ज कसा असतो? ‘गावातील नेट बंद आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.’ पाहा, कर्ता येथेही नाही. शासनाने शिकवलेली रचना नागरिकाने तशीच परत पाठवली आहे. कोणी, काय आणि केव्हा करावे, हे न सांगणाऱ्या अर्जावर ‘नोंद घेण्यात आली आहे’ एवढेच उत्तर यावे, हे व्याकरणाला धरूनच झाले.

तोच अर्ज असा लिहून पाहा : ‘सोमवारपासून पंचायत कार्यालयातील यंत्रास वीज मिळत आहे, परंतु त्यावरील सिग्नलचा दिवा लाल आहे, अर्थात बिघाड तारेत असावा. ही तार दुरुस्त करण्याची जबाबदारी कोणत्या कार्यालयाची आहे आणि ते कार्यालय ती कोणत्या तारखेपर्यंत दुरुस्त करील, हे लेखी कळवावे.’ उत्तर न आल्यास दुरुस्तीच्या जबाबदारीची कागदपत्रे माहिती अधिकार कायदा, २००५ खाली मागता येतात. साधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

स्वाध्याय : आपल्या ग्रामपंचायतीच्या किंवा प्रभागाच्या सूचनाफलकावरील एखादी सूचना उतरवून घ्या. तिच्यातील ‘-ण्यात येणे’ या रचनेची वाक्ये कर्तरी प्रयोगात लिहा. जेथे कर्ता सापडणार नाही तेथे जागा रिकामी सोडा आणि तो कोण असावा, हे कार्यालयात जाऊन विचारा.