शांतता करायला बंदूक कशाला?

मागच्या महिन्यात बचत गटाच्या कामासाठी साताऱ्याला माहेरी गेले होते. टीव्हीवर कुठल्याशा युद्धबंदीची बातमी चालू होती. काकी तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "आपलेपण गेले होते की शांतता करायला, श्रीलंकेत. मी तेव्हाच तुझ्या काकांना विचारलं होतं, शांतता करायला बंदूक कशाला?"

मी तेव्हा दुसरीत होते. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि जयवर्धने यांचा करार झाला आणि आपली शांतिसेना तिकडे उतरली. एलटीटीईनं शस्त्रं खाली ठेवायची असं ठरलं होतं. ऑक्टोबरात त्यांच्याशीच लढाई जुंपली. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतेपर्यंत सुमारे बाराशे जवान गेले होते. काका परत आले, पण त्याबद्दल कधी बोलले नाहीत. आमच्याकडे लढाई कुणाला नवी नाही. अपशिंगे मिलिटरी या एकाच गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. पण लढाईला गेलेल्याची तार येणं वेगळं आणि शांतता करायला गेलेल्याची येणं वेगळं, असं काकीचं म्हणणं.

सांगलीला परतल्यावर आमच्या मंडळात हा विषय काढला. एका माजी सैनिकाच्या पत्नी चिडल्याच. "हुकूम होता म्हणून गेले. त्यांना कशाला बोल लावता?" खरंच आहे ते. पण कोपऱ्यातून एका सुनेनं विचारलं, "तिथल्या बायकांना कुणी विचारलं होतं का हो?"

म्हणून मी शोधून वाचलं. जाफन्यात आधी आपल्या जवानांचं स्वागत झालं होतं. त्याच जाफन्याच्या हॉस्पिटलमध्ये ऑक्टोबर १९८७ मध्ये आपल्या सैन्याच्या गोळीबारात डॉक्टर, नर्स, रुग्ण मारले गेले. हे वाचताना फार जड गेलं. तिथल्या विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. रजनी तिरणगमा बायकांची दुःखं लिहून ठेवत होत्या. आपल्या सैन्यालाही सोडलं नाही आणि वाघांनाही. दोन मुलींची आई. २१ सप्टेंबर १९८९ ला सायकलवरून घरी जाताना त्यांना गोळ्या घातल्या.

पुढे २००२ मध्ये नॉर्वेच्या मध्यस्थीनं युद्धबंदी झाली, तीही मोडली. मे २००९ मध्ये युद्ध संपलं, ते एका बाजूचा पुरता पाडाव होऊन. किलिनोच्चीच्या आया मात्र फेब्रुवारी २०१७ पासून बेपत्ता मुलांचे फोटो घेऊन रस्त्याकडेला बसू लागल्या.

हे काकीला फोनवर सांगितलं. तिनं पहिलं काय विचारावं? "त्यांना तारसुद्धा नाही आली?"

नाही म्हटलं.

"पुढच्या वेळी येशील तेव्हा त्या बायकांचा फोटो घेऊन ये. बघायच्यात मला."