संगणकावर चहा सांडतो तेव्हा

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत चहाचा पेला कलंडला आणि टेबलावरच्या संगणकाच्या पेटीवर चहा सांडला. थोडा बाहेर ओघळला, थोडा जाळीतून आत झिरपला. आम्ही घाईने संगणक बंद केला, पेटी बाहेरून पुसली, दोन तास पंख्याखाली ठेवली आणि बटण दाबले. संगणक नेहमीसारखा सुरू झाला! सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. अठराव्या दिवशी मात्र तो बंद पडला तो पडलाच. पेटी उघडून पाहिली, तर आतल्या मदरबोर्डवर हिरवट पुटे चढली होती. तीन महिन्यांची निरीक्षणे त्या संगणकात होती आणि त्यांची दुसरी प्रत आम्ही काढलेली नव्हती.

शाळेत असे घडले तर? कार्यालयातल्या एकुलत्या एका संगणकात दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे गुण असतात, विद्यार्थ्यांच्या नोंदी असतात. म्हणून हा प्रश्न केवळ दुरुस्ती करणाऱ्यावर सोपवून चालत नाही. चहा सांडल्यावर पेटीत नेमके काय घडते, हे आपण समजून घेऊ.

दोष पाण्याचा की क्षारांचा?

पाणी विजेचे चांगले वाहक आहे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात अतिशुद्ध पाणी अगदीच मंदवाहक असते. २५ अंश सेल्सिअसला त्याची वाहकता सेंटिमीटरला सुमारे ०.०५५ मायक्रोसीमेन्स एवढीच असते. नळाच्या पाण्याची वाहकता मात्र बहुधा काहीशे मायक्रोसीमेन्स, म्हणजे हजारो पट जास्त भरते. हा फरक विरघळलेल्या क्षारांच्या आयनांमुळे पडतो. चहात नळाच्या पाण्यातले क्षार असतातच, शिवाय दुधातील पोटॅशियम, कॅल्शियम, क्लोराइड यांचीही भर पडते.

मग साखरेचे काय? साखर विरघळली तरी तिचे आयन होत नाहीत, म्हणून ती वीज वाहून नेत नाही. तिचा उपद्रव निराळा आहे. पाणी उडून गेल्यावर साखरेचा चिकट थर मागे राहतो आणि तो हवेतील ओलावा धरून ठेवतो. त्यामुळे कोरडा दिसणारा डाग खऱ्या अर्थाने कोरडा नसतो.

तीन व्होल्टही पुरतात

मदरबोर्डवर १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा एकदिश प्रवाह खेळत असतो. शेजारशेजारच्या टोकांत कित्येक ठिकाणी एक मिलिमीटरचेही अंतर नसते. अशा दोन टोकांवर चहाचा थेंब बसला की विद्युत अपघटनाचे एक चिमुकले पात्रच तयार होते. धनाग्राकडील तांबे किंवा कथिल आयनांच्या रूपाने विरघळू लागते. हे आयन ऋणाग्राकडे सरकतात आणि तेथे पुन्हा धातू होऊन साचतात. हा धातू सपाट न साचता झाडाच्या फांद्यांसारखा, धाग्याधाग्यांनी वाढतो. असा एखादा धागा समोरच्या टोकाला टेकला की शॉर्ट सर्किट झालेच. म्हणजे एकाच थेंबामुळे दोन उलट दोष निर्माण होतात. जोड हवा तेथे वाट झिजून तुटते आणि जोड नको तेथे तो तयार होतो.

या क्रियेला वेळ लागतो. आमचा संगणक पहिल्या दिवशी चालला आणि अठराव्या दिवशी बंद पडला, याचे कारण हेच. खरा अपघात चहा सांडला तेव्हा झाला नव्हता. तो पुढचे अठरा दिवस होत राहिला आणि त्याला वीज आम्ही पुरवत होतो.

रात्री संगणक बंद असे, मग तेव्हा वीज कुठून आली? १९९५ पासून रूढ झालेल्या एटीएक्स रचनेत संगणक बंद केला तरी, भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत, मदरबोर्डला ५ व्होल्ट मिळतच राहतात. वायर ओढून काढली तरी घड्याळ चालू ठेवणारा नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल बोर्डवर असतोच.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

टॉर्चचे दोन सेल एकसर जोडा. तांब्याच्या दोन तारांची सोललेली टोके काचपट्टीवर एक-दोन मिलिमीटर अंतरावर ठेवा. त्यांवर प्रथम ऊर्ध्वपातित पाण्याचा थेंब टाका आणि भिंगातून पाहा. सुरुवातीला फारसे काही दिसत नाही. आता तो पुसून मिठाच्या पाण्याचा थेंब टाका. ऋण तारेवर हायड्रोजनचे बुडबुडे लगेच दिसतात आणि काही मिनिटांत धन तारेभोवती रंगीत गढूळपणा येतो. ऊर्ध्वपातित पाण्याचा थेंबही बराच वेळ जोडून ठेवला तर त्यात तांब्याचे आयन मिसळत जातात आणि तोही शुद्ध राहत नाही. म्हणून पाणी कोणतेही असो, ओल्या बोर्डला वीज मिळता कामा नये.

तातडीने काय करावे?

प्रथम भिंतीवरचे बटण बंद करावे. पाणी एक्स्टेन्शन बोर्डवर गेले असेल तर मेन स्विचच बंद करावा. संगणक यूपीएसवर असेल तर भिंतीवरचे बटण बंद करूनही वीज चालूच राहते, म्हणून हात कोरडे करून पेटीमागची वायर काढावी. त्यानंतर संगणकाचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे, म्हणजे मदरबोर्डच्या कपॅसिटरमधील उरलेला भार निघून जातो. मग पेटी उघडून, तिच्या धातूला एकदा हात लावून (अंगावरील स्थिर विद्युत निघून जावी म्हणून) बटण सेल, मेमरीच्या पट्ट्या आणि हार्ड डिस्क काढून ठेवावी.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, उघडू नये. २३० व्होल्टच्या प्रवाहाचे एकदिशकरण झाल्यावर त्यातील कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट असतात आणि वायर काढल्यावरही काही काळ टिकू शकतात. तो भिजला असेल तर बदलावा. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरमध्ये तर हजारो व्होल्ट असतात. तोही उघडू नये.

धुवायचे? होय!

क्षार आणि साखर वाळवून जात नाहीत, ती धुवावीच लागतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत वरून घालतात ते शुद्ध पाणी (आम्ल नव्हे!) यासाठी चालते. मऊ ब्रशने डागाची जागा त्या पाण्याने दोन-तीनदा धुवावी. शेवटी मिळाल्यास आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे. त्याचा पृष्ठताण पाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच असल्यामुळे ते बारीक फटींत शिरते, पाण्यात मिसळते आणि लवकर उडून जाते. ते ज्वालाग्राही आहे, हे विसरू नये. प्रोसेसरच्या खाली चहा गेला असेल तर ते काम जाणकारावर सोपवावे. हार्ड डिस्क कधीच धुवू नये. बहुतेक डिस्कना हवेसाठी सूक्ष्म छिद्र असते. ती फक्त बाहेरून टिपून घ्यावी.

नंतर पंख्याच्या वाऱ्यात किमान दोन दिवस वाळू द्यावे. केशाकर्षणाने फटींत अडकलेले पाणी दिसत नाही, म्हणून घाई करू नये. कोकणातल्या पावसाळ्यात आणखी दिवस लागतात, कारण दमट हवेत बाष्पीभवन मंदावते. केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा टाळावी, तिने प्लॅस्टिकचे भाग वाकतात.

दोष शोधताना

येथे प्रयोगाचा जुना नियम पाळावा : एका वेळी एकच बदल. प्रथम मदरबोर्ड, एसएमपीएस, पडदा आणि मेमरीची एकच पट्टी एवढ्यावर संगणक सुरू करून पाहावा. चालला तर दुसरी पट्टी, मग हार्ड डिस्क, मग बाकीचे असे एकेक जोडत जावे. ज्या जोडणीनंतर तो अडेल, संशय तिच्यावर. सेल काढल्यामुळे तारीख चुकलेली दिसेल. तो बिघाड नव्हे, पण गुण भरण्यापूर्वी ती दुरुस्त करावी. की-बोर्डवर एखादे अक्षर आपोआप उमटू लागले, किंवा एकाच वाटेवरच्या अनेक कळा मेल्या, तर आतल्या प्लॅस्टिकच्या थरांत चहा गेला असे समजावे. तो बदलणेच स्वस्त पडते. संगणक सुरू झाला तर पहिले काम एकच : माहितीची प्रत काढणे.

आमचा मदरबोर्ड वाचला नाही. हार्ड डिस्क मात्र कोरडी होती. दुसऱ्या संगणकाला जोडल्यावर सर्व निरीक्षणे मिळाली. त्या दिवसापासून आम्ही दर शनिवारी प्रत काढतो आणि चहा वेगळ्या टेबलावर पितो.

विद्यार्थ्यांना विचारण्यासाठी एक प्रश्न : साखर घातलेले लिंबाचे सरबत, मीठ घातलेले ताक आणि बिनसाखरेचा कोरा चहा यांपैकी काय सांडले तर धोका सर्वांत जास्त? उत्तर कारणांसह लिहायला सांगावे आणि मग वरचा प्रयोग त्या तीन थेंबांवर करून पाहावा.