कंसात दडलेला ई-मेल

चंद्रपूर किंवा गडचिरोलीच्या जिल्हा संकेतस्थळावर अधिकाऱ्यांचे ई-मेल पत्ते शोधले, तर त्यांत ‘ॲट’चे ते गोल चिन्ह दिसत नाही. त्या जागी चौकोनी कंसात ‘ॲट’ आणि टिंबाच्या जागी ‘डॉट’ असे शब्द रोमन लिपीत लिहिलेले असतात. ही टंकलेखनाची चूक नव्हे. वेबवर पत्ते वेचत फिरणाऱ्या प्रोग्रामना चकवण्यासाठी सरकारी संकेतस्थळांनी पाडलेला तो रिवाज आहे.

हे प्रोग्राम पान वाचत नाहीत, नुसते चाळतात. मजकूर मराठीत आहे की तेलुगूत, याच्याशी त्यांना देणेघेणे नाही. काही अक्षरे, मग ते चिन्ह, पुन्हा अक्षरे आणि टिंब हा साचा जुळला की पत्ता उचलला. असे पत्ते गठ्ठ्याने विकले जातात आणि मग लॉटरी, कर्ज, खोटी बिले यांचा रतीब सुरू होतो. अमेरिकेतल्या ‘सेंटर फॉर डेमोक्रसी अँड टेक्नॉलॉजी’ने केवळ प्रयोगासाठी नवे पत्ते काढून २००३ मध्ये निष्कर्ष मांडले. आलेल्या स्पॅमपैकी ९७ टक्क्यांहून अधिक स्पॅम संकेतस्थळांवर उघड्या ठेवलेल्या पत्त्यांवर आला होता. शब्दांत फोडून लिहिलेल्या पत्त्यांवर एकही नाही.

आज एवढा भरवसा ठेवता येत नाही. कंसातला ‘ॲट’ ओळखायला प्रोग्राममध्ये एखादी ओळ वाढवली की पुरते. शिवाय सरकारी पत्ता चोरायची गरजच काय? पदनाम, जिल्ह्याचे नाव आणि पुढे राज्य सरकारचे डोमेन. एका जिल्हाधिकाऱ्याचा पत्ता हाती आला की उरलेल्या पस्तिसांचे पत्ते बसल्या जागी ताडता येतात. त्यात माहितीचा अधिकार कायदा, २००५ चे कलम ४ अधिकाऱ्यांची निर्देशिका स्वतःहून प्रसिद्ध करायला सांगते, आणि ते योग्यच आहे. पण ती निर्देशिका पीडीएफ करून चढवली जाते तेव्हा मुखपृष्ठावरचे कंस तिच्यात असतीलच असे नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली पीडीएफ असेल तर शोधणाऱ्याला मराठी मजकूर सापडत नाही, रोमन लिपीतला पत्ता मात्र अचूक सापडतो!

या लपवालपवीचा भार पडतो तो माणसावर. सिरोंचाहून गडचिरोली दोनशे किलोमीटरहून दूर. तिथल्या अर्जदाराचा एक ई-मेल पोचला तर त्याची एक अख्खी खेप वाचते. त्याने पत्ता कंसासकट टाइप केला तर मेल जातच नाही. ‘आपले सरकार सेवा केंद्र’ चालवणाऱ्या मुलाला ही खाचखोच कळते, पहिल्यांदाच मेल करणाऱ्याला कशी कळावी? पत्त्याचे चित्र करून लावले तर अंधांचा स्क्रीन रीडर ते वाचू शकत नाही. आणि संपर्काचा फॉर्म, त्यावर कॅप्चा, म्हणजे भामरागडच्या नेटवर्कची परीक्षाच.

माझ्या मते लपवण्याचा खरा फायदा ज्यांचा पत्ता ताडता येत नाही त्यांनाच. ताडोबाच्या मोहर्ली किंवा कोलारा प्रवेशद्वाराजवळचा होमस्टे घ्या. मालकाचा जीमेल पत्ता कोणाला अंदाजाने सुचणार नाही. तो फक्त त्याच्या पानावरूनच जाऊ शकतो. अशांनी पत्ता पानाच्या कोडमध्ये सरळ न लिहिता जावास्क्रिप्टने ब्राउझरमध्ये जुळवून घ्यावा. पाहुण्याला तो नेहमीसारखा दिसतो, दाबताही येतो. नुसते कोड चाळणाऱ्याला तुकडे मिळतात. क्लाउडफ्लेअरच्या सेवेतही अशी सोय आहे. त्या कंपनीचे मूळ २००४ च्या ‘प्रोजेक्ट हनी पॉट’मध्ये आहे. तिथे पानावर येणाऱ्या प्रत्येकाला वेगळा, दुसरीकडे कुठेच नसलेला पत्ता दाखवत. त्या पत्त्यावर स्पॅम आला की पत्ता कोणी उचलला ते कळे. लबाडाला त्याच्याच लबाडीत पकडण्याची ही युक्ती मला सर्वांत आवडते.

बुकिंगच्या चौकशीसाठी वेगळा पत्ता ठेवावा, बँकेचा आणि घरचा वेगळा. आपला पत्ता अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधला की तो कुठल्या जुन्या यादीत, कुठल्या पीडीएफमध्ये उघडा पडला आहे ते बऱ्याच अंशी दिसते. तिथून काढायला सांगता येते, मात्र तोवर विकल्या गेलेल्या गठ्ठ्यांतून तो निघत नाही.