धुरात जाणारी साखर

पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी लागली की आपण हळहळतो. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचं सुती कापड असंच कुजलं. ते खाणारी ट्रायकोडर्मा ही बुरशी मात्र शास्त्रज्ञांनी जपली. कागद, कापूस, उसाचं पाचट यांतलं सेल्युलोज म्हणजे साखरेच्या कणांची घट्ट साखळी. बुरशीची विकरं ती तोडतात. सुटलेल्या साखरेचं यीस्ट इथेनॉल करतं. पुण्याच्या प्राज कंपनीच्या तंत्रज्ञानावर हरियाणात पानिपतला उभारलेल्या अशा कारखान्याचं उद्घाटन २०२२ साली झालं. भाताच्या पेंढ्यापासून रोज १ लाख लिटर इथेनॉल, ही त्याची क्षमता. पेंढ्याचं चिवट कवच आधी सैल करावं लागतं, म्हणून खर्च वाढतो. तरीही आपल्या शिवारात पाचट पेटतं, तेव्हा त्या धुरात साखरच जात असते.